गालाला लागलेलं हिरवं

वेकफील्ड, मेथडिस्ट चर्चच्या मागचा हॉल.
पत्रकावर नऊ छापलेलं,
दहा चाळीसला कुणीतरी किल्ली आणली.
तोवर आम्ही बत्तीस सेनापती पार्किंगमध्ये गारठत उभे,
कुणाचं सैन्य टूलबॉक्समध्ये, कुणाचं स्पंजात,
एकाचं चक्क केकच्या डब्यात.

माझे पंचेचाळीस.
प्रत्येकाची बुबुळं तीन केसांच्या ब्रशने,
रात्रपाळी नसलेल्या रात्री, श्वास धरून.
दिवसा मी बेअरिंगच्या कारखान्यात मापं तपासते.
शतांश मिलिमीटर जास्त भरलं
की लाल खूण, बाजूला.
कुणाच्या हातचं आहे, बघत नाही.

लॅपटॉप बंद पडला.
क्लाइव्हने जोड्या लावल्या पाकिटाच्या पाठीवर,
एकाच गाडीतून आलेले दोघे भाऊ
बसवले समोरासमोर.
घड्याळ लावलंच नव्हतं.
टेबल चारवरची टेकडी दुसऱ्या डावात
दाराखाली सरकवलेली दिसली, दार आपटू नये म्हणून.
आंधळं दळत होतं
आणि पीठ कोण खातंय तेही दिसत होतं.

माझा धनुर्धर भिंतीच्या तुटक्या खिडकीतून
शत्रूचं शिंग बघत होता. नुसतं शिंग.
क्लाइव्ह आला, वाकला नाही, उभ्यानेच म्हणाला,
शिंग धरत नाहीत, अंग दिसायला हवं.
बरं. वहीत लिहून घेतलं.

जेवणानंतर टेबल सात.
तीच भिंत उचलून आणलेली, तीच खिडकी,
क्लाइव्हचा शाळासोबती बॅरी,
आणि शेपटी.
शेपटीचं टोक.
दिसतंय की, क्लाइव्ह म्हणाला, सँडविच चावत.
सकाळी शिंग, मी म्हटलं.
तो म्हणाला, सकाळचं सकाळी.

आमच्या इचलकरंजीच्या गल्लीत पंच नव्हता.
कच्चा लिंबू होता, पण तो आधी जाहीर करायचे,
सगळ्यांसमोर, डाव सुरू व्हायच्या आत.
पन्नाशीचा, दाढीवाला कच्चा लिंबू
मी पहिल्यांदा बघितला तो यॉर्कशरमध्ये.

चौथा डाव. समोर फिनले, वय तेरा,
अंगठ्याच्या नखात वाळलेला जांभळा रंग,
आयुष्यातली पहिली स्पर्धा.
त्याच्या तोफेला माझा कप्तान
दिसतोय की नाही?
सकाळच्या निकालाने मी वाचते,
दुपारच्या निकालाने मरते.
क्लाइव्ह बाहेर, सिगरेटला.
दुसऱ्या पंच मोराग म्हणाल्या,
मी फक्त रंगकामाचे गुण देते, पोरांनो.
मी चव्वेचाळीस वर्षांची.

मग आम्ही दोघे गुडघ्यांवर.
टेबलावर गाल टेकून, एक डोळा मिटून,
कप्तानाच्या उंचीवरून.
खरवडणारं प्लास्टिकचं गवत, डिंकाचा वास,
वर कुठेतरी ढगांइतकी लांब ट्यूबलाइट
आणि चहाचा कप, मनोऱ्यासारखा.
तिकडून आवाज आला,
मला एक बोट दिसतंय.

बोट होतं.
मीच रंगवलेलं. नखासकट.

ते धरायचं का, त्याने विचारलं.
मला विचारलं.
नियमाच्या ओळीवर ठेवायला
माझ्याकडे वही होती, तारीख होती, वेळ होती.
मी म्हटलं, धरूया.
टेबलावर कुणाचंही दिसलं तरी,
तुझंही, माझंही, सहा वाजेपर्यंत.
त्याने फासे दोन्ही मुठींत खूप वेळ हलवले.
कप्तान गेला.

मी सत्ताविसावी आले.
खिलाडूवृत्तीचं बक्षीस बॅरीला मिळालं.
टाळ्या मीही वाजवल्या, चार.
बसमध्ये एक बाई आपल्या गालाकडे बोट दाखवत म्हणाली,
तुमच्या इथे काहीतरी हिरवं लागलंय.

सोमवारी पहिलंच बेअरिंग
शतांशाने जास्त.
लाल पेन उघडलं, आणि मग उगीचच
ते उजेडात फिरवत राहिले,
रात्रपाळीला कोण होतं, आठवत.

खूण केली.
पण वाकून.